हलक्या वाऱ्यासाठी स्वस्तात पतंग घेताय? या चुका टाळा

पतंग जमिनीवरून उचलतच नाही म्हणून लोक नवा घ्यायला निघतात, आणि बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा महाग आणि आधीच्यापेक्षा जड पतंग घेऊन येतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी हलक्या वाऱ्यासाठी पतंग सुचवायला सांगितलं, तर मी आधी विचारतो, हातातल्या पतंगाचं वजन किती? उत्तर कधीच मिळत नाही. पतंगाचं वजन करायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तीच: किंमत, रंग आणि आकार बघून पतंग घेणं, वजन न बघता.

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. ताशी १६ किलोमीटरच्या वाऱ्यात एक चौरस मीटर कापडावर साधारण १२०० ग्रॅमचा दाब येतो. ताशी ८ किलोमीटरला तोच दाब ३०० ग्रॅमवर येतो, आणि ६ किलोमीटरला जेमतेम १७०. पतंगाचं स्वतःचं वजन, दोऱ्याचं वजन आणि दोऱ्यावर बसणारी वाऱ्याची ओढ, सगळं त्या ३०० ग्रॅमात भागवायचं असतं. त्यामुळे चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम भरणारा पतंग मंद वाऱ्यात उडणार नाही, मग तो कितीही नामांकित असो. १५० च्या आसपासचा आनंदानं उडेल.

हिशोब अवघड नाही. डेल्टा म्हणजे त्रिकोणी पतंग: रुंदी गुणिले उंची, भागिले दोन. चौकोनी पतंगाच्या दोन कर्णांचा गुणाकार करून त्याचा निम्मा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि क्षेत्रफळाने भागा. दुकानात काटा नसेल तर वेष्टनावरचं वजन बघा. तेही नसेल तर पतंग आडवा करून दोन बोटांवर तोला. हाताला जड लागला तर हलक्या वाऱ्यातही जडच ठरणार.

आता हे वजन असतं कुठे? बहुतेकांना वाटतं कापडात. त्यामुळे 'खास पातळ कापडाचा' पतंग जास्त पैसे देऊन घेतला जातो. प्रत्यक्षात २५ मायक्रॉनचं साधं प्लास्टिक चौरस मीटरला फक्त २३ ग्रॅम भरतं आणि पतंगाचं रिपस्टॉप नायलॉन (फाटणं पसरू न देणाऱ्या विणीचं कापड) साधारण ४० ते ५० ग्रॅम. फरक वीस-पंचवीस ग्रॅमचा. खरं वजन काड्यांमध्ये लपलेलं असतं. दोन मीटर रुंदीच्या डेल्टाला सगळ्या मिळून साधारण चार मीटर काड्या लागतात. भरीव फायबरग्लासची ६ मिलिमीटरची काडी मीटरला ५४ ग्रॅम भरते, म्हणजे चार मीटरच्या २१५ ग्रॅम झाल्या. त्याच ४ मिलिमीटरच्या असत्या तर ९५ ग्रॅममध्ये काम झालं असतं. एकाच पतंगात १२० ग्रॅमचा फरक, आणि वेष्टनावर दोन्हींचं चित्र तेच!

माझा पहिला मोठा पतंग पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराचा होता. दिसायला देखणा. एक अख्खी संध्याकाळ मी तो घेऊन धावलो आणि शेवटी वारा वाईट म्हणून घरी आलो. काट्यावर ठेवला तेव्हा कळलं की त्याचं निम्म्याहून जास्त वजन काड्या आणि प्लास्टिकच्या जोडांचं होतं. वाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

स्वस्तात हे सुधारता येतं. पोकळ कार्बनची ६ मिलिमीटरची नळी (आत ४ मिलिमीटर पोकळी असलेली) मीटरला २४ ग्रॅमच्या आसपास भरते आणि भरीव फायबरग्लासपेक्षा कितीतरी ताठ असते. सगळ्या काड्या बदलायची गरज नाही. मधली आडवी काडी आणि कणा, म्हणजे मधली उभी काडी, एवढं बदललं तरी पतंगाचा स्वभाव पालटतो. आणि बांबूला कमी लेखू नका. नीट तासलेली ४ मिलिमीटरची बांबूची कामटी मीटरला ९ ग्रॅमच्या आसपास भरते. पातळ कागद आणि बांबूच्या कामट्या यांचा साधा पतंग हा हलक्या वाऱ्यातला सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात चांगला पतंग आहे, हे मी पूर्ण विचारानं लिहितोय. फक्त तो दवात आणि दमट हवेत टिकत नाही.

आकार निवडताना होणारी गल्लत

पेटीसारखा बॉक्स पतंग आणि बिनकाड्यांचा, हवा भरून फुगणारा पॅराफॉइल हे दोन्ही हलक्या वाऱ्याच्या आशेनं घेऊ नका. बॉक्स पतंगात काड्या भरपूर आणि त्या मानानं उचल कमी. पॅराफॉइलला काडी नसते म्हणून तो हलका असणार असं वाटतं, पण आकार धरण्यासाठीच त्याला वारा लागतो. वारा पडला की तो पिशवीसारखा मिटतो. स्लेड हा दोन उभ्या काड्यांचा पतंग स्वस्त आणि हलका असतो, पण त्यालाही हीच खोड आहे. वारा क्षणभर थांबला किंवा बाजूनं आला की तो घडी पडून खाली येतो. दोन दोऱ्यांचे कसरतीचे पतंग नवशिक्यानं मंद वाऱ्यात घेऊच नयेत.

एकच पतंग घ्यायचा असेल तर मी डेल्टा सांगेन, दीड ते दोन मीटर रुंदीचा. कारण वारा थांबला तरी डेल्टा दगडासारखा पडत नाही, तरंगत राहतो. त्याचे पंख सैल असतात. झोत आला की वर उचलले जातात आणि जादा वारा सोडून देतात, वारा मंदावला की पुन्हा पसरतात. शेपटी लागत नाही. पोटाखाली कापडाचा त्रिकोणी पडदा असतो, त्याच्या टोकाला दोरा बांधला की झालं. दुसरा पर्याय रोक्काकू, म्हणजे जपानी षटकोनी पतंग. त्याची उचल जबरदस्त असते, पण कण्णीचे, म्हणजे पतंगावरच्या ज्या बांधणीला मूळ दोरा जोडतात तिचे, दोरे जास्त असतात आणि ते जुळवायला संयम लागतो.

फार छोटा घेऊ नका. मीटरभर रुंदीच्या पतंगाला दोन मीटरवाल्याच्या चौथाई क्षेत्रफळ मिळतं, पण त्याच्या काड्या आणि जोड काही चौथाई वजनाचे नसतात. 'लहान म्हणजे हलका' हा समज इथे उलटा पडतो.

वेष्टनावरचे आकडे

वाऱ्याची मर्यादा '५ ते १५' अशी लिहिलेली असते. एकक न बघता लोक ती किलोमीटरमध्ये धरतात. ती बऱ्याचदा ताशी मैलात असते, म्हणजे खरा आकडा ८ ते २४ किलोमीटर. शिवाय खालचा आकडा बहुतेक वेळा अनुभवी हाताला मोकळ्या जागी जमलेला असतो. नवशिक्यानं त्यात दोन-तीन किलोमीटर मनानं वाढवावेत.

दुसरी फसगत हवामानाच्या ॲपची. त्यावरचा वेग प्रमाणित १० मीटर उंचीचा असतो. तुमच्या खांद्याच्या उंचीवर, झाडाझुडपांत, त्याहून बराच कमी वारा पोहोचतो. त्यापेक्षा आजूबाजूला बघा. धूर सरळ वर जातोय का? मग पतंग घरीच ठेवा. तोंडाला वारा जाणवतोय, पानं सळसळतायत? हा ताशी ६ ते ११ किलोमीटरचा वारा, हलक्या पतंगाचा खरा वारा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, छोटा झेंडा पसरलाय? मग १२ ते १९ आहे, आणि त्यात जवळपास काहीही उडतं.

दोरा: जिथे सगळे पैसे वाचवतात किंवा उगाच घालवतात

पतंग हलका निवडतात आणि त्याला दोरखंडासारखा दोरा बांधतात. १ मिलिमीटर जाडीचा दोरा १०० मीटर सोडला की वाऱ्यासमोर ०.१ चौरस मीटरचा अडथळा उभा राहतो. तो एकसंध नायलॉनचा असेल तर त्याचं वजन ९० ग्रॅम होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याचा अडथळा निम्मा आणि वजन चौथाई, साधारण २२ ग्रॅम. दोरा मधे पोट सोडून लोंबतोय असं दिसलं तर तो जाड आहे हे नक्की समजा.

तुटेल अशी भीती असते, ती हिशोबानं घालवा. एक चौरस मीटरच्या पतंगावर ताशी २५ किलोमीटरला साधारण ३ किलोचा जोर येतो, आणि ४० किलोमीटरच्या अचानक झोतातही साडेसातच्या आसपास. गाठीमुळे दोऱ्याची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते हे धरलं तरी १५ ते २० किलो सहन करणारा दोरा भरपूर झाला. पॉलिएस्टरचा दोरा नायलॉनपेक्षा कमी ताणतो, म्हणून तुमची खेच पतंगापर्यंत पोहोचते. मंद वाऱ्यात हे फार महत्त्वाचं आहे.

काच लावलेला मांजा यासाठी घेऊच नका. इथे कुणाचा पतंग कापायचा नाही, आणि तो मांजा पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो. विजेच्या तारांजवळ कुठलाही पतंग नको. कार्बनच्या काड्यांमधून वीज वाहते, तेव्हा त्या बाबतीत दुप्पट सावध राहा.

पतंग चांगला आहे, तरी उडत नाही

यातली निम्मी कारणं शेपटीत सापडतात. सपाट चौकोनी पतंग शेपटीशिवाय गिरक्या घेतो, म्हणून लोक लांबच लांब, जाड शेपूट बांधतात आणि पतंग वर जाण्याचं नाव घेत नाही. आधी शेपूट पातळ प्लास्टिकच्या पट्टीचं करा, मग ते थोडं थोडं कापत जा. त्याहून चांगला उपाय म्हणजे आडव्या काडीला मागून दोरा बांधून धनुष्यासारखा बाक देणं. मीटरभर रुंदीला साधारण १० सेंटीमीटर बाक पुरतो. अमेरिकेत विल्यम एडी यांनी १८९० च्या दशकात असाच बाकदार, बिनशेपटीचा पतंग वापरात आणला, आणि तो त्यांच्या नावानंच ओळखला जातो. फुकटात होणारी ही सुधारणा कितीतरी स्वस्त पतंगांचं नशीब बदलते.

दुसरं कारण जागा. इमारत किंवा झाडांच्या रांगेमागे वारा गोंधळलेला असतो, आणि तो गोंधळ अडथळ्याच्या उंचीच्या सात-दहा पट अंतरापर्यंत पोहोचतो. १० मीटरच्या झाडांमागे १०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे बहुतेक मैदानांत पलीकडच्या टोकाला जायला हवं. पतंग वर जाऊन एकदम डावी-उजवीकडे झेपावत असेल तर कण्णीला हात लावण्याआधी जागा बदला.

तिसरं, धावणं. धावून पतंग पाच-सहा मीटर वर जातो, थांबलात की खाली येतो, कारण तिथे वाराच नसतो. जमिनीशी घासून वारा मंदावलेला असतो. खरा वारा वर आहे आणि पतंगाला तिथवर नेऊन पोहोचवायचंय. त्यासाठी एकाला पतंग घेऊन, वारा जिकडे वाहत जातोय त्या बाजूला, २५-३० मीटर लांब उभं करा. दोरा ताठ ठेवा. तोंडावर झुळूक जाणवली की त्यानं फक्त हात सोडायचा, वर फेकायचं नाही, आणि तुम्ही दोरा हाताहातानं ओढून घ्यायचा. पतंग त्या खेचीवरच चढतो. वर गेल्यावर ढील देताना घाई करू नका. ढील दिली की पतंग मागे सरकतो आणि उंची गमावतो, म्हणून दोन हात ढील, एक हात खेच, पुन्हा थोडी ढील. वारा पडल्यासारखा वाटला तर आसारीवर (दोऱ्याच्या रिळावर) दोरा गुंडाळत बसू नका, दोरा पायाशी पडू दे. दोन्ही हातांनी ओढणं जास्त जलद होतं.

शेवटी कण्णी. पतंगाला बांधलेल्या दोऱ्याच्या त्या त्रिकोणाला काही जण मंगळसूत्र म्हणतात. मूळ दोरा तिच्यावर कुठे बांधला आहे, त्यावरून पतंग वाऱ्याला किती अंगावर घेणार ते ठरतं. पतंग चढतच नाही, शेपटाकडून मागे लोंबतो, जोर लावूनही खालीच राहतो? गाठ थोडी वर, नाकाकडे सरकवा. उलट तो पार डोक्यावर येतो, दोरा सैल पडतो आणि नाक खाली करून कोसळतो? मग गाठ शेपटाकडे घ्या. एका वेळी पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. लोक एकदम दोन-तीन सेंटीमीटर हलवतात आणि बरोबर जागा ओलांडून जातात. आणि कण्णी जुळवत असताना शेपूट किंवा काड्या बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. मंद वाऱ्यातली जागा सापडली की तिथे पेनानं खूण करून ठेवा. वारा वाढेल तेव्हा गाठ हलवावी लागेल, आणि परत यायला ती खूण उपयोगी पडेल.