डीटीपीच्या खुर्चीवरून वेबकडे कसं यायचं

गिरगावातल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मंडळांच्या स्मरणिका संगणकावर लावायचं काम, म्हणजेच डीटीपी, मी बरीच वर्षं केलं. आता वेबसाइट बनवते. पदवी म्हणाल तर बी.ए., विषय मराठी. डीटीपी करणारे ओळखीतले लोक विचारतात, 'मॅडम, आता या वयात जमेल का आम्हाला?' जमेल. मराठी पान नीट लावलेलं आहे की नाही हे ओळखणारी नजर तुमच्याकडे आहे, आणि वेबवर तिची फार वानवा आहे.

नोकरी लगेच सोडू नका, आणि कुठल्या क्लासची फी भरण्याआधी मोझिलाचं एमडीएन उघडा, ही वेब शिकवणारी साइट आहे. ते फुकट आहे. मी विरार लोकलमध्ये मोबाइलवर वाचायचे आणि घरी येऊन प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करायचे. आधी एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, मग सीएसएस, म्हणजे त्याची सजावट. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल्स लावून काम केलं असेल तर सीएसएस परकं वाटणार नाही. जड जातं ते वेगळंच: कागदाचा आकार ठरलेला असतो, स्क्रीनचा नसतो. मिलिमीटरची सवय सोडून फ्लेक्सबॉक्स, म्हणजे जागेनुसार मजकूर मांडायची सीएसएसमधली सोय, शिका आणि ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर पान आधी नीट दिसू द्या.

सरावाला खोटी कंपनी घेऊ नका. शेजारची खानावळ घ्या: आजची थाळी, दर, वेळ, फोन नंबर. आणि ते पान मराठीतच करा, कारण खरं शिक्षण तिथेच होतं.

पहिली अडचण जुन्या फाइलींची. आपले जुने डीटीपी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात, त्यामुळे तोच मजकूर ब्राउझरमध्ये टाकला की अगम्य इंग्रजी उमटतं. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. कन्व्हर्टरने जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण नंतर मूळ प्रतीशी ताडून प्रूफ वाचाच. जोडाक्षरं आणि रफार तिथेच घसरतात. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर दऱ्याखोऱ्यांचा समुद्र होतो.

पानाच्या सुरुवातीला कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आणि भाषा 'एमआर' (mr, मराठीचा कोड) लिहा. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते, त्यात एवढ्यानेच ल आणि श मराठी वळणाचे होतात. फॉन्ट म्हणून मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्त फॉन्ट 'मुक्ता' घेऊन बघा. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, मी दीडपटीच्या खाली जात नाही, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, तर वाढवूच नका, शिरोरेषा तुटते. आजही मोठमोठ्या साइटवर तुटलेल्या शिरोरेषा दिसतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. दर मराठी आकड्यांत दाखवा, फोन नंबरही, पण त्यामागच्या लिंकमध्ये इंग्रजी आकडेच लागतात, नाहीतर फोन लागणार नाही.

एवढं झालं की जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारी भाषा. इथे घाई नको. सुरुवातीला फक्त थाळीची यादी वाराप्रमाणे बदलून दाखवा. त्यातच अॅरे (यादी), फंक्शन (कामाचा तुकडा) आणि तारखा शिकून होतात. नंतर नावाची अक्षरं मोजून बघा: 'क्षि' हे आपल्यासाठी एक अक्षर, जावास्क्रिप्ट मात्र त्याची लांबी ४ सांगते, कारण क, पायमोड, ष आणि वेलांटी वेगवेगळे मोजले जातात. मराठी नावं घेणाऱ्या फॉर्मला अक्षरांची मर्यादा घालताना हे लक्षात ठेवावं लागतं. रिअॅक्टसारख्या तयार साधनांचं शिक्षण यानंतर.

पान गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, ठेवा, गिटहब पेजेसवर ते फुकट चालतं. मुलाखतीत प्रेसमधली वर्षं लपवू नका. 'ही पत्रिका मी लावली, हे पान मी लिहिलं' असं दोन्ही समोर ठेवा. मी तसंच केलं आणि प्रश्न सगळे मराठी टायपोग्राफीवरच आले.

बाहेरचं पहिलं काम मिळालं की निम्मे पैसे आगाऊ घ्या, जसे छपाईला घेतो. मजकुराचं अंतिम प्रूफ गिऱ्हाइकाकडून लेखी मंजूर करून घ्या. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी नूतनीकरणाची आठवण थेट त्याला जाईल.