कॉलेज हिरवं करायचं तर कामाला एप्रिलमध्येच लागा

पर्यावरण समितीचं समन्वयकपद बहुतेकांना जूनमध्ये मिळतं. तोवर ५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, तोंडावर आलेला असतो. मग रोपं मागवायची, बॅनर छापायचा, पाहुणे ठरवायचे, यातच पहिला महिना जातो. म्हणून प्राचार्यांना आधीच सांगून नेमणुकीचं पत्र एप्रिलमध्येच घ्या. परीक्षा उरकत आलेल्या असतात, वर्ग रिकामे असतात, गच्चीवर चढायला आणि पाइपलाइन शोधायला वेळ असतो.

समितीत प्राध्यापक आणि एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं असतातच. पण पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, माळी, इलेक्ट्रिशियन, कॅन्टीनवाले आणि अकाउंट्सचे भाऊसाहेब यांनाही पहिल्याच बैठकीला बोलवा. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेतच घ्या, त्यांना सुटल्यावर थांबवू नका. कोणत्या टाकीचा बॉलकॉक अडकतो, कुठल्या मजल्यावरचे पंखे रात्रभर फिरतात, पालापाचोळा कुठे नेऊन पेटवला जातो, हे सगळं त्यांना माहीत असतं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच. त्यांची नावं समितीच्या कागदावर इतरांच्या बरोबरीने लिहा. माझ्या मते हिरव्या कॉलेजची सुरुवात इथूनच होते, बाकीचं सगळं यानंतर.

पुढचं काम मोजणीचं. अकाउंट्समधून मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि टँकरच्या पावत्या काढून घ्या. बिलात नुसते युनिट पाहू नका. मंजूर मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल क्षमता) किती आणि प्रत्यक्षात नोंदली गेलेली मागणी किती, तेही पाहा. दोन्हींत कायम मोठी तफावत असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे तर जात नाहीत ना, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मग एक सोपी चाचणी करा. शनिवारी संध्याकाळी कॉलेज बंद झाल्यावर पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सोमवारी सकाळी उघडण्याआधी पुन्हा लिहा. हॉस्टेल नसलेल्या इमारतीत दोन रात्रींत पाण्याचा आकडा पुढे सरकला असेल, तर बहुधा कुठेतरी गळती आहे. विजेचा सरकेलच, कारण फ्रीज आणि सर्व्हर चालू असतात. पण तो किती सरकला यावरून एखाद्या खोलीतलं काही बंद करायचं राहिलं का, ते कळतं. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण वीस लिटर पाणी घालवतो. अशा नळांची यादी मजल्यानुसार करा आणि प्लंबरला उन्हाळ्यातच बोलवा.

पंख्यांचा हिशेबही कागदावर मांडून प्राचार्यांकडे न्या. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. एका वर्गात सहा पंखे आणि सात तास धरले, तर दिवसाला जवळजवळ दोन युनिट वाचतात. एका वर्गाचा आकडा लहान दिसतो, चाळीस वर्गांचा दिसत नाही. एकदम सगळे पंखे बदलायला पैसे मिळणार नाहीत. जो बिघडेल त्याच्या जागी नवा येताना बीएलडीसीच येईल, एवढा ठराव करून घ्या. एसी चोवीस अंशांवर ठेवायचे, रिमोट ऑफिसात ठेवायचे.

पावसाच्या पाण्याची तयारी मेच्या मध्यापर्यंत उरकलेली हवी. गणित सोपं आहे : एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला सातशे मिलिमीटर धरा, गच्ची हजार चौरस मीटर धरा, वीस टक्के वाया गेला म्हणा, तरी ५ लाख ६० हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे छप्पन्न टँकर! त्यासाठी गच्ची झाडून घ्या, तुटलेल्या बाकांचा ढीग तिथून हलवा, पन्हाळींची तोंडं मोकळी करा. पहिल्या सरींचं पाणी धूळ आणि कबुतरांची विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह बसवा आणि तो कोण फिरवणार त्याचं नाव ठरवा. बोअर पुनर्भरण करणार असाल, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवून बोअरला देणार असाल, तर खड्डा कुठे घ्यायचा हे अंदाजाने ठरवू नका. आपल्याकडचा काळा कातळ सगळीकडे सारखं पाणी पीत नाही, भेगा आणि मुरमाचे थर असतील तिथेच ते मुरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाला पत्र द्या, भूगोल किंवा भूगर्भशास्त्र विभाग असेल तर त्यांना सोबत घ्या. प्रयोगशाळांचं सांडपाणी त्या खड्ड्याकडे वळत नाही ना, हे स्वतः उभं राहून पाहा.

त्याच फेरीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकावा. चांदीचे आणि क्रोमियमचे क्षार, सेंद्रिय द्रावकं, हे सगळं एकाच बेसिनमध्ये जात असेल तर वेगवेगळे कॅन, त्यांवर ठळक नावं आणि ते नेणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार, एवढं जूनआधी व्हायला हवं.

बंद पडलेले संगणक आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांचं घोडं निर्लेखनापाशी, म्हणजे वस्तू अधिकृतपणे बाद ठरवण्यापाशी, अडतं. डेडस्टॉक रजिस्टरमधून (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) नोंद निघाल्याशिवाय वस्तू हलत नाही, म्हणून ठरावाचा मसुदा आत्ताच करा. पुढे ते भंगारवाल्याकडे न जाता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. संगणकांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत, बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे बॅटरी-कचरा नियम.

पालापाचोळा जाळणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद करा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी घातली आणि साध्या जाळण्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. पण मावशींना नुसतं ‘जाळू नका’ सांगून भागत नाही, पाला टाकायला जागा द्यावी लागते. कोंबडीच्या खुराड्याला वापरतात ती जाळी आणा, चार फूट उंचीचा गोल पिंजरा करा आणि झाडाखालीच उभा करा. वीतभर पाला, त्यावर शेणकाला किंवा कॅन्टीनच्या भाजीची देठं, पुन्हा पाला, असे थर द्या. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागेल पण पाणी गळणार नाही, इतपत ओलावा ठेवा. महिन्यातून एकदा काठीने ढवळलं की पाच-सहा महिन्यांत खत होतं. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा पुढच्या वर्षी पिंजरे त्याआधी तयार असू द्या.

आता झाडं. ५ जूनला लावू नका. विदर्भात तर मॉन्सून जूनच्या मध्यापर्यंत पोचलेला नसतो, आणि इतरत्रही पहिल्या वळवाने जमीन वरवरच भिजलेली असते. मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्या आणि पाऊस नीट लागल्यावर, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, रोपं लावा. ५ जूनला आवारातल्या आहे त्या झाडांची गणना ठेवा : जात, घेर, कुठे उभं आहे, बुंध्याला काँक्रीटचा गळफास आहे का, खिळे ठोकलेत का. वनस्पतिशास्त्राची मुलं हे आनंदाने करतात. नवीन लावताना उंबर, करंज, बहावा, जांभूळ, पळस, कडुनिंब अशी इथल्या मातीतली झाडं घ्या. भराभर वाढतं म्हणून सुबाभूळ किंवा गिरिपुष्प नको. ओलिताला जेवढी माणसं आहेत तेवढीच रोपं. पन्नास जगवणाऱ्या कॉलेजने पाचशेचा आग्रह धरू नये.

कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले आणि ते धुवायला जादा माणूस, दोन्ही एकदम ठरवा. नुसते पेले आणले की आठवड्यात कागदी कप परत येतात. त्या कपांना आतून प्लॅस्टिकचाच मुलामा असतो, हे मुलांना एक कप फाडून दाखवा. गॅदरिंगचा फ्लेक्स, थर्माकोलची सजावट, पाहुण्यांसमोरच्या पाण्याच्या बाटल्या यांची परवानगी कोण देतं ते पाहून त्याच अर्जावर अट छापा. पाहुण्यांना तांब्या-भांडं द्या. प्रॅक्टिकलची जर्नलं आणि प्रोजेक्ट पाठपोट छापून घ्यायला विभागप्रमुखांची संमती पुरते, आणि ती जूनमध्ये घेतली तरच उपयोगाची.

वर्गातला पर्यावरणाचा विषय या सगळ्याला जोडा. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षणाचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला, त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. त्या आराखड्यात शंभरपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला होते. आजच्या अभ्यासक्रमात रचना बदलली असली, तरी प्रकल्प असतोच, आणि तो बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवलेला असतो. त्याऐवजी प्रत्येक गटाला आवारातला एकेक आकडा द्या : एका आठवड्याचा कॅन्टीनचा ओला कचरा तराजूवर तोलणं, एका मजल्याचं पाणी, एका बोळातले पक्षी. मुलं मन लावून करतात, कारण निकाल त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि समितीची वही आपोआप भरत जाते. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी लागणारी पर्यावरणाची कागदपत्रंही याच वहीतून निघतात. जुना ग्रीन ऑडिटचा (आवाराच्या पर्यावरण-तपासणीचा) अहवाल कपाटात असेल तर त्यातलं शिफारशींचं पान काढून दर्शनी फलकावर लावा, झालेल्या शिफारशीपुढे तारीख घाला.

एक तरतूद पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बनतानाच, येत्या ३१ मार्चच्या आत मंजूर करून घ्या : एप्रिल-मेच्या सुट्टीत रोपांना पाणी घालणाऱ्याचा मोबदला. मुलं गावी गेलेली असतात, माळी रजेवर असतो, आणि जुलैत लावलेली रोपं याच दोन महिन्यांत मरतात. सलग दोन उन्हाळ्यांची रक्कम मागा. कोणत्या दिवशी कोण पाणी घालणार त्याचा तक्ता गेटवरच्या खोलीत टांगा, आणि नळाची किल्ली त्याच खोलीत ठेवा.