थंडीत पिल्लं आणताय? उबेबरोबर हवेचंही बघा

रात्रीचा गारठा वाढला की परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांत गोणपाट आणि प्लास्टिकची शोधाशोध सुरू होते. खुराड्याची एकूण एक फट बुजवली जाते. मीही हेच केलं होतं. पहिल्या हिवाळ्यात पंचवीस पिल्लांची खोली चारही बाजूंनी प्लास्टिकनं बांधून टाकली. सकाळी बघितलं तर प्लास्टिकला आतून पाणी सुटलेलं, खालचं तूस ओलं आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांना झोंबणारा वास. आठ दिवसांत सात पिल्लं गेली. दिवा रात्रभर चालू होता, ऊब पुरेशी होती. कोंडलेली हवा आणि ओल त्यांना भोवली. म्हणून यंदा पिल्लं आणणार असाल तर ऊब आणि हवा या दोन्हींची सोय एकत्रच करा.

पिल्लं घरी येण्याच्या आदल्या दिवशी जागा तयार हवी. जमिनीवर दोन-तीन इंच जाडीचं कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि वेळीच उपाय केला नाही तर ते सहसा सुधारत नाहीत. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं करा. गोल यासाठी की चौकोनी जागेत गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. दिवा चार-पाच तास आधीच लावून तूस गरम होऊ द्या. वरची हवा गरम आणि खालची जमीन गार असेल तर पिल्लाला ऊब मिळत नाही, कारण ते पोट टेकून बसतं.

दिव्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. एलईडी बल्ब उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देतच नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवा लागतो. पिल्लामागे साधारण 2 वॅट धरा, कडाक्याची थंडी असेल तर थोडं जास्त. दिवा साखळीनं किंवा तारेनं पक्का टांगा, नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. तो तुसात पडला तर आग लागते. वीज जाते तिथे काही जण शेगडी ठेवतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पिल्लांइतकीच माणसाच्याही जिवावर उठते, तिचा विषारी वायू वासानं कळत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात आणि दर दोन तासांनी बदलाव्यात. झोपमोड होते, पण पिल्लं वाचतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 33 ते 35 अंश सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत जायचं. थर्मामीटर जरूर लावा, पण रात्री दहाला आणि पहाटे चारला स्वतः जाऊन बघा. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कड्याला चिकटून, चोच उघडून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा थेट अंगावर येतोय. सगळीकडे विखरून निवांत पहुडली असतील तर काहीच हलवू नका. शंका वाटली तर एखादं पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर ऊब कमी पडतेय.

आता हवा. खालच्या अंगानं, पिल्लांच्या उंचीवर वारा अजिबात नको. वर मात्र, छपराच्या जवळ, वीतभर जागा दिवसरात्र उघडी राहिली पाहिजे. गरम दमट हवा वर जाते, तिथून ती बाहेर पडते. पडदे वरून खाली सोडण्याऐवजी खालून वर ओढायचे केले की हे आपोआप साधतं. ऊन आलं की पडदे आणखी उतरवा. परीक्षा अगदी सोपी आहे: गुडघ्यांवर बसून, पिल्लांच्या पातळीवर नाक नेऊन श्वास घ्या. उभ्यानं जो वास येत नाही तो तिथे येतो. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. रोज सकाळी तूस हातानं वरखाली करा, भांड्याभोवतीचं ओलं तूस काढून टाका. मूठभर तूस आवळून सोडलं तर ते मोकळं व्हायला हवं; गोळा तसाच राहिला तर ते बदलायला झालं.

ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लू पंख पाडून, अंग फुगवून एका जागी बसतं, शिटेत रक्त दिसतं. त्या दिवशीच पशुवैद्यकाकडून औषध आणा, उद्यावर ढकलू नका. एकात दिसलं म्हणजे बाकीच्यांतही असणारच. मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा नावाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबानं देतात. लस बर्फात ठेवून आणायची आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. पुढच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहूनच घ्या. मरगळलेल्या पिल्लाला लस देऊ नये.

पिल्लं आली की आधी पाणी, मग दाणा. गारठ्यात पाणी कोमट असावं आणि भांडं उथळ, पिल्लू बुडणार नाही असं. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. अंड्यातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, पण म्हणून उपाशी ठेवायचं नाही. संध्याकाळी चार-पाच पिल्लांची गळ्याखालची पिशवी चाचपा, ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. खाद्य पिल्लांचंच घ्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम तिपटीहून अधिक असतं, त्यानं पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. प्रवासानं किंवा थंडीनं काहींच्या ढुंगणाला शीट चिकटून वाट बंद होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं हळूहळू सोडवा, ओढू नका, आणि पुसून लगेच उबेला सोडा.

घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी असेल तर यातलं निम्मं काम तिच्यावर सोपवता येतं. दहा-बारा अंडी, 21 दिवस आणि शांत, अंधारी जागा एवढंच ती मागते. विकतची एक दिवसाची पिल्लंही काही दिवस रवणीला बसलेल्या कोंबडीखाली रात्री हळूच सरकवता येतात. पहाटे मात्र जवळ थांबा. एखादी कोंबडी परकं पिल्लू ओळखते आणि टोचते. तिच्या अंगावर उवा-गोचीड नाहीत ना, हे आधीच बघून ठेवा.

रोजच्या फेरीत आधी पिल्लांकडे जा, मोठ्या कोंबड्यांकडे नंतर, आणि पिल्लांच्या खोलीसाठी चपला वेगळ्या ठेवा. मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसतात, तरी त्यांच्या अंगावरचे जंतू पिल्लांना सोसत नाहीत. पोरांना पिल्लं हातात घेऊ द्या, पण तोंडाला लावू देऊ नका आणि नंतर साबणानं हात धुवायला लावा. काढलेलं तूस थेट झाडांच्या बुंध्याशी टाकू नका, ताजं खत मुळं जाळतं. काही महिने कुजू द्या, मग वाफ्यात घाला.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंगभर पिसं आली की दुपारच्या उन्हात तासभर बाहेर सोडायला हरकत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत मोजून आत घ्या. रात्रीसाठी अर्ध्या इंचाची जाड जाळी लावा, तिचा खालचा भाग जमिनीत वीतभर गाडा. मुंगूस आणि उंदीर उकरूनही आत येतात.