जुनी मोगरी कोणत्या कामाची, ते तिच्या घावांवरून ओळखा

जुनी लाकडी मोगरी हाती आली की ती धुऊ नका, घासू नका, पॉलिश पेपर तर लावूच नका. तोंडावरचे पोचे, रेषांत बसलेली धूळ, दांड्यावरचा हाताचा मळ, एवढाच तिचा पुरावा असतो. जुनी हत्यारं दुरुस्त करणं आणि ती कोणत्या धंद्याची हे ठरवणं हे माझं रोजचं काम. घासूनपुसून चकचकीत केलेली मोगरी समोर आली की मला मनापासून वाईट वाटतं. तिनं आयुष्यभर काय ठोकलं हे लिहिलेली पानंच कुणीतरी फाडून टाकलेली असतात.

बहुतेक लोक आकारावरून सुरुवात करतात. मी घावांवरून करते. गोल डोक्याची मोगरी लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याची असू शकते, पाथरवटाची असू शकते आणि पत्रेवाल्याचीही. आकार तिघांचा जवळपास सारखा, पण तिघांनी ठोकलेली वस्तू वेगळी, म्हणून घाव वेगळे. आकार, लाकूड, दांडा, कडी हे सगळं नंतर बघायचं आणि घावांनी सांगितलेल्या गोष्टीशी ताडून घ्यायचं.

त्यासाठी मोगरी टेबलावर आडवी ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि बॅटरीचा झोत तोंडाच्या पातळीत, अगदी एका बाजूनं टाका. समोरून पाडलेल्या उजेडात काही दिसत नाही. तिरक्या उजेडात प्रत्येक पोच्याला सावली पडते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम. दोन्ही तोंडं बघा, कारण खूप कारागीर एकच तोंड वापरायचे आणि दुसरं अडीअडचणीला राखून ठेवायचे. कमी वापरलेल्या तोंडावर मूळ तासकाम अजून शाबूत असतं.

तोंडाच्या मधोमध एकावर एक पडलेले उथळ, गोलसर पोचे दिसले आणि मध्यभाग किंचित खोलगट झाला असेल, तर ही मोगरी पटाशीच्या लाकडी मुठीवर चालली आहे. मुठीच्या टोकाला लोखंडी कडं असलं की पोच्यांच्या कडेला चंद्रकोरीसारख्या बारीक चिरा उमटतात. सुतारी मोगरीचं डोकं बहुधा चौकोनी असतं, पण नीट पाहिलं तर दोन्ही तोंडं समांतर नसतात. डोकं वर रुंद आणि दांड्याकडे अरुंद असतं. तोंडांच्या रेषा मनात खाली वाढवत नेल्या तर त्या ठोकणाऱ्याच्या कोपराच्या आसपास मिळतात. हात कोपरातून फिरतो, म्हणून घाव बसताना तोंड पटाशीच्या मुठीवर सपाट पडावं यासाठी ही योजना. दांड्याचं भोकही वर रुंद, खाली अरुंद. दांडा वरून घालतात आणि प्रत्येक फटक्याबरोबर डोकं स्वतःच घट्ट होत जातं. पाचरीची गरजच पडत नाही. दांड्याचं वरचं टोक डोक्याच्या वर जाड दिसत असेल आणि पाचर कुठेच नसेल, तर बहुतेक तुमच्या हातात हीच आहे. बीच नावाच्या झाडाचं फिकट गुलाबीसर लाकूड, त्यावर आखूड तपकिरी ठिपके-रेघा, हे यात फार वेळा दिसतं.

कोरीवकामाची मोगरी लेथवर कातलेली, गोल. तिला ठरावीक तोंड नसतं. कारागिराची नजर पटाशीच्या धारेवर असते, मोगरी हातात कशीही फिरली तरी ठोका नीट बसला पाहिजे. म्हणून झीज सगळीकडून सारखी, पट्ट्यासारखी असते आणि वर्षानुवर्षं चालली की मोगरीला कंबर पडते. इथे लाकडाच्या रेषाही बघा. चौकोनी सुतारी मोगरीत रेषा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे जातात, म्हणजे घाव रेषांच्या टोकांवर बसतो. गोल मोगरीत रेषा दांड्याच्या दिशेनं उभ्या असतात आणि घाव त्यांच्या कुशीवर बसतो. म्हणूनच गोल मोगरीला पिळाच्या रेषांचं, सहज न फाटणारं लाकूड लागतं.

दगडाची मोगरीही गोलच, पण जास्त रुंद, घंटेसारखी पसरलेली आणि आखूड दांड्याची. लाकडी मोगरीनं ठोकायच्या छिन्नीचं डोकं मुद्दाम मोठं, गोलाकार ठेवतात, नाहीतर ते लाकडात रुतेल. त्यामुळे पोचे रुंद आणि गुळगुळीत काठांचे पडतात. शंका राहिली तर भिंगातून लाकडाच्या छिद्रांत बघा. दगडाची पांढुरकी पूड तिथे कायमची बसलेली असते. हे हत्यार किती जुनं आहे याचा अंदाज हवा असेल तर प्राचीन इजिप्तच्या मोगऱ्या पाहाव्यात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्या आहेत: डोकं आणि मूठ एकाच लाकडात कोरलेली.

एकाच लाकडाची मोगरी म्हटली की माझी सगळ्यात आवडती जात येते, ती म्हणजे लाकूड फाडणाऱ्याचा सोटा. फांदीचा किंवा मुळाचा एक जाड तुकडा, एका बाजूला तासून मूठ केलेली. दिसायला इतका ओबडधोबड की लोक तो सरपणात टाकतात. एक लांब पातं ओंडक्याच्या टोकावर ठेवायचं आणि या सोट्यानं पात्याच्या पाठीवर ठोकून ओंडका रेषेत उभा फाडायचा, असं हे काम. पात्याची पाठ अरुंद आणि लोखंडाची, म्हणून सोट्यावर गोल पोचे पडतच नाहीत. आडव्या, सरळ, अरुंद खाचा पडतात, एकीला लागून दुसरी, आणि दोन खाचांमधले तंतू ठेचून उभे राहिलेले असतात. माझ्या टेबलावर आत्ता असाच एक आहे. मुठीकडून बघितलं तर खाचा किंचित तिरक्या आहेत, सगळ्या एकाच बाजूला. पातं डाव्या हातात आणि सोटा उजव्या हातात धरणाऱ्या एकाच माणसानं तो शेवटपर्यंत वापरला असावा. ठोक्याच्या जागी तो निम्म्याहून जास्त खाल्ला गेला आहे, आणि त्याच जागी लाकडात एक मोठी गाठ आहे. गाठीचं लाकूड फाटत नाही म्हणून तोडणाऱ्यानं नेमका तो तुकडा निवडला. घरात असं काही सापडलं तर चुलीत घालण्याआधी कृपा करून त्याच्या खाचा बघा.

दोन्ही टोकांना लोखंडी कडी असतील तर दोन शक्यता आधी तपासा. डोकं जाड, अवजड, दोन्ही हातांनी उचलायचं असेल आणि कड्याबाहेरचे तंतू ठेचून बाहेर वळलेले असतील, तर ते पाचरी, खुंट, कुंपणाचे खांब ठोकण्याचं. कडं लाकूड उकलू नये म्हणून असतं. कड्यावर जोड कसा आहे तेही पाहा: भट्टीत तापवून ठोकून जोडलेल्या कड्यावर एका जागी जाडी बदलते आणि तिरकी पुसट रेघ दिसते, नळीतून कापलेल्या कड्यावर असं काही नसतं.

दुसरी शक्यता जहाजबांधणीची, आणि ती एकदा पाहिलीत की पुन्हा चुकणार नाही. डोकं लांबच लांब आणि सडपातळ, तोंडं लहान, टोकांना कडी, आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यात आरपार लांबट खाचा. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत डांबर लावलेले दोरखंडाचे तंतू बोथट लोखंडी पात्यानं ठासून भरायचे, त्यासाठी ही मोगरी. खाचांमुळे हाताला बसणारा हादरा कमी होतो आणि ठोका खणखणीत वाजतो. फट नीट भरत आली की आवाज बदलतो, आणि कारागीर त्या आवाजावरून काम ओळखत. डोकं झिजून तंतू कड्याच्या पातळीला आले की कडं मागे सरकवायचं. म्हणून दांड्याच्या एका बाजूला डोकं दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड असलं तर ती मोडतोड समजू नका, तो प्रामाणिक वापर आहे. जहाजावर सुतारी हत्यारं किती जपून ठेवत हे 'मेरी रोझ'वरून कळतं. ही इंग्रजी युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली, १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढला, आणि तिच्यावर सापडलेल्या सुतारी हत्यारांत मोगरीही आहे.

जहाजावरचीच आणखी एक मोगरी अशी की जी कशावरच ठोकत नाहीत. गोल डोकं, आणि दांड्याच्या विरुद्ध बाजूला डोक्याच्या लांबीभर पन्हाळीसारखी खोबण. लोक म्हणतात, हिला कुणीतरी मुद्दाम चीर पाडली आहे. तसं नाही. ही खोबण दोरखंडावर बसवतात, बारीक सुतळीचा वेढा डोक्याला आणि दांड्याला देतात आणि मोगरी दोरखंडाभोवती गरागरा फिरवतात. दांडा तरफेचं काम करतो आणि सुतळी हातानं कधीच बसणार नाही इतकी घट्ट गुंडाळली जाते. दोरखंड पाण्यानं आणि घर्षणानं झिजू नये म्हणून हे आवरण. ओळख पक्की करायला खोबणीत बोट फिरवा: आतून ती काचेसारखी गुळगुळीत आणि डांबरानं काळी असते, आणि डोक्याची दोन्ही टोकं मात्र बिनडागी. बिनडागी टोकं आणि झिजलेली खोबण एकत्र दिसली की दुसरं काही असूच शकत नाही.

पत्र्याच्या कामाची मोगरी हलकी, डोकं दंडगोल, दांडा बारीक. बॉक्सवूडचं पिवळसर, छिद्रं दिसणारच नाहीत इतकं दाट लाकूड यात वापरत. सपाट पत्रा ठोकल्यामुळे पोचे फारसे नसतात, फक्त काठ गोलावतात आणि पत्र्याच्या कडांच्या बारीक चिरा दिसतात. डोकं अंड्यासारखं किंवा खालून सपाट, थापीसारखं असेल आणि त्यावर करडी, शिशपेन्सिलीसारखी चमक असेल, तर ते छपराच्या शिशाच्या पत्र्याचं काम. इथे मात्र सांभाळा. ती चमक शिशाची आहे आणि शिसं विषारी असतं. हातमोजे घाला, घासून पूड उडवू नका, नंतर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

पिंप बनवणाऱ्यांची एक मोगरी चपट्या लांब डोक्याची आणि लवचीक बारीक दांड्याची असते. तिनं बुचावर नाही, बुचाच्या दोन्ही बाजूंच्या फळीवर फटके मारतात आणि हादऱ्यानं बूच आपोआप वर येतं. छापखान्यातली मोगरी लहान, तिच्यावर शाईचा काळा थर. मांस मऊ करायच्या मोगरीच्या तोंडावर दात असतात, ती सगळ्यांना कळते. क्रोके या चेंडूच्या मैदानी खेळाची मोगरी लांब दांड्यावरून ओळखता येते.

कापडाच्या मोगऱ्यांवर मात्र थांबायला हवं, कारण संग्रहांत त्यांच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. धुणं बडवायचं धोपटणं एकसंध, चपटं असतं. त्यावर पोचे नसतात. पाणी आणि साबणानं मऊ भाग झिजून कठीण रेषा वर आलेल्या असतात, आणि रंग उडालेला, पांढुरका. हात फिरवला की रेषा बोटाला लागतात. चारही बाजूंना कोरलेल्या समांतर खाचा असलेला सोटा मिळाला, तर तो झाडाच्या सालीचं कापड करण्याचा असू शकतो. पॅसिफिक बेटांवर आणि युगांडात साल ठोकून ठोकून रुंद करतात, आधी जाड खाचांच्या मोगरीनं, मग बारीक खाचांच्या. युगांडाच्या या कलेला युनेस्कोनं २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्या खाचांना सजावट समजू नका. सालीचे तंतू त्यांच्यामुळेच पसरतात.

लाकडाचं एक नाव लक्षात ठेवा: लिग्नम व्हायटी. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याचं हे लाकूड, हिरवट तपकिरी, हाताला मेणचट, आणि घनता १.२ च्या आसपास, म्हणजे पाण्यात बुडणारं. मोगरी आकाराच्या मानानं धक्कादायक जड लागली तर हेच आठवा. पाण्यात टाकून खात्री करू नका, वजनावरून कळतं. या झाडांच्या व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्बंध आहेत, तेव्हा अशी वस्तू देशाबाहेर पाठवायच्या आधी परवान्याचे नियम पाहा.

विकत घेताना झीज एकमेकींशी जुळते का ते बघा. तोंड ठेचलेलं आणि दांडा कोरा असेल तर दांडा तरी बदलला आहे किंवा घाव तरी बनावट आहेत. दांडा बदलणं हा दोष नाही; वापरात असलेल्या हत्याराचं ते नेहमीचं आयुष्य. बनावट घाव मात्र सगळीकडे विखुरलेले असतात, जिथे कधीच ठोका बसणार नाही अशा डोक्याच्या माथ्यावरही. ठशानं उमटवलेली नावाची अक्षरं दोन-तीन वेगवेगळी असतील तर आनंदच माना. हत्यार हातोहात पुढे गेलं आहे.

साफ करायची तर कोरड्या मऊ ब्रशनं. बारीक गोल भोकांजवळ ताजी फिकट पूड पडत असेल तर किडा अजून आत आहे. मोगरी पिशवीत बांधून बाकीच्या लाकडापासून दूर ठेवा. डोकं सैल झालं म्हणून पाण्यात भिजवू नका. भिजलेलं लाकूड फुगतं, पण भोकात जागा नसल्यानं त्याचे तंतू दबतात, आणि वाळल्यावर ते पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. फारच शुष्क असेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्या, तोही सगळं पाहून, फोटो काढून, टिपून झाल्यावर. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा. शेवटी दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधा: वजन, लांबी, कुठून आली, तोंडावर काय दिसलं. तुमचा अंदाज चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला, पेन्सिलीनं.