पहिली मुंबई-पुणे शर्यत? घाटाचं टेन्शन नंतर घ्या

मुंबई-पुणे सायकल शर्यत म्हटलं की सगळे घाटाबद्दलच बोलतात. बरोबरच आहे म्हणा, बोरघाटात सगळ्यात पुढे निघणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि तो मान शर्यत जिंकण्याइतकाच मोठा मानणारे लोक आहेत. पण पहिल्यांदा उतरणाऱ्याची वाट घाटात लागत नाही हो, ती लागते पनवेल ते खोपोलीच्या सपाटीवर, फक्त कळतं ते घाटापलीकडच्या कामशेतला. माझं अगदी असंच झालं. सपाटीवर पाय मस्त चालत होते म्हणून पुढे जाऊन वारा अंगावर घेत बसलो, घाट कसाबसा काढला आणि कामशेतच्या चढाला दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की सायकलवरून उतरताही येईना.

तर पहिली गोष्ट, बंचमध्ये, म्हणजे एकमेकांना चिकटून पळणाऱ्या सायकलींच्या घोळक्यात, राहायला शिका. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हात-दीड हात अंतरावर राहिलं की वारा तो खातो, आपली ताकद चांगली पाव हिस्सा वाचते, मोठ्या बंचच्या मधोमध असाल तर त्याहून जास्त. हे वाचून येत नाही. शर्यतीआधी किमान दोन-तीन महिने दर रविवारी चार-सहा जणांबरोबर राइड मारा. एकट्याने कितीही किलोमीटर केले तरी बंचमध्ये पहिल्या दिवशी भीतीने हात ब्रेकवरच राहतात, आणि ब्रेक मारला की मागचे पंधरा जण शिव्या घालतात. काही जण म्हणतात आधी 200 ची बीआरएम (म्हणजे ठरलेल्या वेळेत 200 किलोमीटर पुरं करायची लांब राइड) कर, जरूर करा, साडेतेरा तासांची वेळ असते, बुडाला सवय होते, खाण्यापिण्याचं गणित कळतं. पण ती शर्यत नाही, तिथे नंबर नसतो, बंचही फारसा टिकत नाही, म्हणजे चाकाला चाक लावून पळायची सवय तिथे लागणार नाही.

बंचमधले नियम थोडे आहेत पण मोडलेत तर हाडं मोडतात. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे बघा. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवून ठेवू नका, तो जरा सरकला की चाकाला चाक घासतं आणि पडता तुम्ही, तो नाही. उभं राहून पॅडल मारायचंय तर उठताना पॅडलवर जोर ठेवा, नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याला काही सुचायच्या आत तो तुमच्यावर. खड्डा, खडी, स्पीड ब्रेकर दिसला की ओरडा, लाजू नका. आणि पुढे येऊन वारा घ्यायची पाळी आली तर अर्धा-एक मिनिट घ्या, स्पीड न वाढवता, मग कोपर हलवून बाजूला व्हा. पहिल्या शर्यतीत पाळी चुकवली तर कोणी फाशी देत नाही, मी तर म्हणेन चुकवाच. जागा पहिल्या वीस-पंचवीस जणांत असू द्या, कारण शेपटाला प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारावी लागते, पुढच्यांना हे माहीतही नसतं.

आता खाणं. अंगात साठवलेली साखर जोरात चालवताना दीड-दोन तास पुरते, आणि ही शर्यत साधारण दीडशे किलोमीटरची, म्हणजे तुमचे चार-पाच तास तरी जाणार. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या तासापासून सुरू करा, तासाला साधारण 60 ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. म्हणजे किती? दोन मध्यम केळी किंवा सात-आठ खजूर, ते नको असेल तर पाण्यात साखर नि चिमूटभर मीठ घालून तेच पीत राहा. राजगिऱ्याचा लाडू चवीला छान पण धापा टाकताना घशात भुगा अडकतो, अनुभव आहे. चिक्की तर नकोच, चावण्यात निम्मा दम जातो. रॅपरमधलं काही नेणार असाल तर खिशात ठेवायच्या आधी रॅपर थोडं फाडून ठेवा, घामट हातांनी चालत्या सायकलवर ते फाटत नाही. एनर्जी जेल (पाकिटातली घट्ट साखरेची पेस्ट) पहिल्यांदाच शर्यतीच्या दिवशी खाऊ नका, पोट बिघडलं तर पुढचं सांगायला नको.

घाट. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, लोणावळा 600 मीटरच्या वर, आणि हा चढ जेमतेम आठ-दहा किलोमीटरमध्ये. शिंगरोबाच्या देवळाजवळचा तुकडा खरा जीव काढतो. (ज्या धनगराने घाटाची वाट दाखवली म्हणतात त्याचं हे देऊळ, ड्रायव्हर लोक जाताजाता नाणं टाकतात, तुम्ही मनातल्या मनात टाका.) इथे बंच फुटणारच, फुटू द्या. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायचा फायदा चढाला कमी असतो, त्यामुळे राजा व्हायला निघालेल्यांच्या मागे जीव तोडून जाण्यात काही अर्थ नाही. आपण दोन-तीन शब्द सलग बोलू शकू इतक्याच जोरात चढायचं. मागच्या चाकाला सगळ्यात मोठं चक्र 28 च्या ऐवजी 32 दातांचं असलेली कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) टाकून घ्या, चढाला हलकं जातं, मित्र हसले तर हसू द्या, गुडघे तुमचे आहेत.

आणि खंडाळ्याला पोचल्यावर 'झालं एकदाचं' असं वाटेल, तिथेच फसायला होतं. पुणं अजून साठेक किलोमीटर आहे. रस्ता उताराचा वाटतो म्हणून लोक एकेकटे सुटतात आणि कामशेत-वडगावच्या मोकळ्या माळावर समोरून वारा आला की रडतात. लोणावळ्यात आजूबाजूला बघा, पाच-सहा जण दिसले की त्यांच्यासाठी अर्धा मिनिट थांबावं लागलं तरी थांबा, पाळीपाळीने वारा घेत चला. दोन घास खा, पाणी संपवा.

सायकलचं थोडक्यात. टायर नवीन टाकायचे तर आठवडाभर आधी, आदल्या रात्री काहीही बदलायचं नाही, सीट एक सेंटीमीटरसुद्धा नाही. टायरवर छापलेलं प्रेशर हे जास्तीत जास्त असतं, तेवढी हवा भरायचीच असं नाही, सत्तर किलोच्या माणसाला 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 75-80 पीएसआय पुरे, आपल्या रस्त्यांवर दगडासारखा टायर नुसता उडतो. दोन ट्यूब, टायर काढायची लिव्हर, छोटा पंप बरोबर हवाच, सर्व्हिस गाडी पुढच्यांच्या मागे असते, तुमच्या मागे बहुधा झाडूगाडी, म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी शेवटची गाडी. पंक्चर काढायला पाच मिनिटांच्या वर लागत असतील तर घरी टीव्ही बघता बघता दहा वेळा काढा.

फिनिशला हँडल सोडून हात वर करू नका आणि रेषा ओलांडल्याबरोबर ब्रेक दाबू नका, मागून लोक फुल स्पीडने येतात. आणि हो, पुण्यात कोणी घ्यायला येणार असेल तर त्याच्याकडे चपला देऊन ठेवा, क्लीटच्या (पॅडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांत गोळे आलेल्या पायांनी चहाच्या टपरीपर्यंत जाणं म्हणजे दुसरा घाट.