फायरचा कोर्स करायचाय? आधी जाहिरात वाचा, मग फी भरा

गेल्या दिवाळीत गावाकडचा एक मुलगा फाइल घेऊन घरी आला. एका खासगी संस्थेतून त्यानं ‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा केला होता. फी भरायला वडिलांनी म्हैस विकली. सर्टिफिकेट चकचकीत, त्यावर सोनेरी शिक्का. पण नगरपालिकेच्या भरतीत अर्ज छाननीतच बाद झाला, कारण जाहिरातीत मागितलेला कोर्स वेगळा होता. मी फायरमन म्हणून लागलो आणि सब ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, पण त्या दिवशी त्याला द्यायला माझ्याकडे चहाशिवाय काही नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे करा: तुम्हाला जिथं लागायचंय तिथल्या जुन्या दोन-तीन भरतीच्या जाहिराती मिळवा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारा. तिथं ज्या कोर्सचं नाव असेल तोच करायचा. संस्थेचा माणूस ‘समकक्ष आहे’ म्हणाला तर तसं पत्र मागा. बहुतेक वेळा तिथंच बोलणं थांबतं.

फायरमन व्हायचं तर राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स ही सरळ वाट. मुंबई अग्निशमन दल मात्र आपली मुलं भरती करून स्वतःच शिकवतं. सब ऑफिसर, म्हणजे सरकारी भाषेत उपस्थानक अधिकारी, व्हायचं तर आधी पदवी लागते आणि मग वर्षभराचा कोर्स. आणि बारावीला गणित-फिजिक्स बरं असेल, चार वर्षं अभ्यासाची तयारी असेल, तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. केंद्रीय गृह खात्याचं हे कॉलेज १९५६चं. तिथली फायर इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली बरीच मंडळी तेल कंपन्यांत आणि रिफायनऱ्यांत जातात. २००२ साली तिथं प्रवेश घेणारी पहिली मुलगी हर्षिनी कान्हेकर पुढे ओएनजीसीत गेली. कारखान्यातल्या सेफ्टीच्या नोकऱ्या ही वेगळी वाट आहे. वाईट नाही, पण ती बंबापर्यंत येत नाही.

फॉर्म भरण्याआधी उंची अनवाणी, भिंतीला टाच लावून मोजून घ्या. गावातल्या मेडिकलवाल्यानं दिलेला आकडा मैदानात टिकत नाही.

आता अभ्यास. मुलं धावण्यावर सहा महिने घालवतात आणि पुस्तक आदल्या रात्री उघडतात. माझंही तेच झालं, आणि ते मला बीए सेटनं, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या श्वसन उपकरणानं, शिकवलं. पाठीवरचा सिलिंडर सहा लिटरचा, दाब ३०० बार, बाहेरच्या हवेच्या साधारण तीनशे पट. म्हणजे आत हवा १८०० लिटर. कष्टाच्या कामात माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असं धरतात. भागाकार केला की ४५ मिनिटं येतात, आणि बहुतेक मुलं पेपरात तेवढंच लिहून मोकळी होतात. पण ५५ बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, आणि तिच्या पुढची हवा बाहेर पडण्यासाठी राखलेली असते. ती वजा करा: २४५ गुणिले ६, म्हणजे १४७० लिटर. कामाची झाली ३६ मिनिटं आणि वर थोडी. आमच्या स्मोक चेंबरच्या ड्रिलमध्ये माझी शिट्टी २१व्या मिनिटालाच वाजली. इन्स्ट्रक्टरांनी खडू हातात दिला आणि सगळ्यांसमोर गणित मांडायला लावलं. मी मिनिटाला ७० लिटर ओढत होतो. घाबरलेला माणूस किती हवा खातो याचा आकडा मी स्वतः फळ्यावर लिहिला. प्रत्येक ड्रिलनंतर आपला आकडा वहीत लिहा. महिन्याभरात तो खाली आलेला दिसतो.

पंपाचंही असंच. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर वर ढकलू शकतो, तेही समुद्रसपाटीला आणि पंप निर्दोष असेल तर. प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर धरा. महाबळेश्वरला तर हवाच विरळ, तिथं आणखी कमी. आमच्याकडे विहिरी दहा-बारा मीटर खोल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की काठावरचा बंब कितीही रेस केला तरी पाणी ओढत नाही. मग पोर्टेबल पंप खाली उतरवावा लागतो. गावकरी तोवर शिव्या देतात, पण सूत्र बदलत नाही.

आगीचे वर्ग पाठ करताना एक घोळ हमखास होतो. यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघून येणारी मुलं ‘सी म्हणजे विजेची आग’ लिहितात. ते तिकडचं. आपल्याकडे ए म्हणजे लाकूड-कापड-कागद, बी पेटणारे द्रव, सी गॅस, डी धातू. वीज चालू असेल तर आधी ती तोडायची, मग जे जळतंय त्याचा वर्ग बघायचा. गॅसमध्येही दोन तऱ्हा: सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो, पाइपचा गॅस हलका, छताकडे जातो. वास कुठं घ्यायचा, खिडकी वरची उघडायची की दार, हे यावर ठरतं. आणि पेटलेल्या वड्याच्या कढईत पाणी का नाही? वाफ झाली की पाणी सुमारे १७०० पट फुगतं आणि तेल घेऊन उडतं. हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते साखर कारखान्यांच्या बगॅसनं, म्हणजे उसाच्या चोथ्यानं. ढीग वरून विझलेला, काळा, ओला दिसतो, आणि आत मात्र धुमसत राहतो. वरून मारलेलं पाणी ओघळून जातं. लोडर लावून ढीग फोडायचा, थर उलटायचे आणि आतल्या निखाऱ्यावर पाणी मारायचं. एका वर्दीवर, म्हणजे आगीच्या एकाच कॉलवर, आम्ही तीन दिवस होतो. कापसाच्या गाठींचंही हेच. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीत कापूस धुमसत होता, आणि त्याच बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं होती. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, चारनंतर पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन सेवा सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो. तोंडी परीक्षेत तारीख विचारतात, पण तुम्ही त्या दोन तासांचा क्रम वाचून जा: कापूस कुठं होता, पाणी कुठं पोचत होतं, होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मालाच्या कोठीत, आणखी काय ठेवलं होतं.

गाठी घरीच शिका. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि चेअर नॉट, खाटेच्या पायाला. आधी बघून, मग डोळे मिटून, मग आईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून आणि ते ओले करून. सुरुवातीला सुती दोर घ्या, नायलॉनची गाठ सरकते. चेअर नॉटमध्ये धाकट्या भावाला बसवून माळ्यावरून सोडायची हौस मात्र करू नका. आमच्या बॅचमधल्या एकानं केली होती.