सापडलेलं पक्ष्याचं अंडं घरी उबवताय? आधी या चुका टाळा

पहिली चूक इन्क्युबेटर लावण्याआधीच होते. अंडं हाताला थंड लागलं की लोक ते अनाथ समजून उचलतात. बरेच छोटे पक्षी रोज एक अंडं घालतात आणि सगळी अंडी जवळपास घालून झाली की मगच उबवायला बसतात. तोवर अंडी थंडच असतात. आतला गर्भ थांबलेला असतो, मेलेला नसतो. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि माणूस दिसताच दूर पळते. तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ती परतणार नाही. लांब आडोशाला बसा आणि निदान दोन तास पाहा. घरटं पडलं असेल तर टोपलीत ठेवून त्याच झाडाला बांधा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी अंडं टाकतात हा गैरसमज आहे. टाकतात ते वर्दळीला कंटाळून. शिवाय रानपक्ष्यांची अंडी बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे. आधी पक्षी बचाव केंद्राला फोन करा. पुढचं सारं त्यांनी सांगितलं तरच.

दुसरी चूक म्हणजे खोका, बल्ब आणि अंदाज. हा जुगाड बहुतेक वेळा एकाच वाटेने फसतो. थर्मोमीटर कोपऱ्यात 37 दाखवतो, बल्बाखालचं अंडं मात्र 42 ला पोचलेलं असतं. दुपारी खोली तापते, बल्ब चालूच राहतो आणि संध्याकाळपर्यंत गर्भ संपतो. थोडा वेळ गारवा तो सोसतो, कारण मादीही चरायला उठतेच. उष्णता सोसत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उष्णता आपोआप बंद-चालू करणारं साधन, नसेल तर हा उद्योग करूच नका. पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून साधारण 38.3 ठेवा. दोन थर्मोमीटर लावून यंत्र 24 तास रिकामं चालवा, काटा स्थिर राहिला तरच अंडं आत ठेवा. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांना पुढचे दोन आठवडे झेपणार नाहीत.

अंडं धुऊ नका, कवचावरचा संरक्षक थर जातो. पाण्यात तरंगवून परीक्षाही नको. पाच-सहा दिवसांनी अंधारात मागून टॉर्च धरा, लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे.

फिरवायला विसरलात तर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसरीला गोल काढा आणि दिवसातून पाच वेळा अलगद फिरवा. विषम आकडा यासाठी की लागोपाठच्या रात्री एकच बाजू वर राहू नये. शेवटचे दोन-तीन दिवस फिरवू नका.

आर्द्रता 45 ते 55 टक्के पुरते, शेवटी 65 ते 70. उगीच पाणी ओतत राहिलात तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. फुटेपर्यंत वजन साधारण 15 टक्के घटायला हवं. लहान अंड्याला 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

कवचाला भोक पडलं की नखाने सोलायला धावू नका. त्या वेळी पडद्यातल्या शिरांत रक्त असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जात असतो. घाई केली की पिल्लू रक्तस्रावाने जातं. झाकणही उघडू नका, ओलावा जातो आणि पडदा पिल्लावर आवळून वाळतो.

बिनपिसांचं, डोळे मिटलेलं पिल्लू निघालं तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर 15-20 मिनिटांनी भरवावं लागतं. दूध-ब्रेड नको. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.